शेऱ्याचा रकाना

ज्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायला लागलं, त्या वर्षांत मी इस्तंबूलचा अभ्यास करत होते. हे मी अभिमानानं सांगत नाही. कापसाची ती वाईट वर्षं होती. बाजारात कापसाच्या गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहायच्या, दिल्लीहून पांढऱ्या गाड्यांमधून पथकं यायची, आणि मी यवतमाळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून उरलेल्या वेळात तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या तीन राजधान्यांची तुलना करत बसायचे. शाहजहानाबाद, इस्तंबूल आणि एडो, म्हणजे आजचं टोकियो. यातलं एकही शहर मी धड पाहिलेलं नव्हतं. दिल्लीला एकदा गेले होते, पण मावसबहिणीच्या लग्नाला, आणि तीन दिवस मंगल कार्यालयाच्या बाहेर पडले नाही.

विषय मात्र मला मनापासून आवडलेला होता. राजा राजधानीतल्या माणसांवर सत्ता चालवतो म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं काय करतो? एडोमध्ये पाच-पाच घरांचा गट करायचे आणि एकाच्या गुन्ह्याला बाकीच्या चौघांनाही धरायचे. इस्तंबूलमध्ये मोहल्ल्यात कोण राहतं, कसं राहतं, याची जबाबदारी मोहल्ल्याच्या इमामावर असायची. शाहजहानाबादेतून बादशहा लवाजमा घेऊन निघाला की निम्मं शहर त्याच्यामागं चालू लागायचं आणि मागं उरलेले दुकानदार माशा मारत बसायचे. वाचताना मला यात काही नवल वाटलं नाही. मी सरकारी कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे पाच घरांची सगळी खबरबात समोरच्या काकू एकट्याच सांभाळायच्या, आणि साहेबांची बदली झाली की निम्मी कॉलनी स्टँडपर्यंत पोचवायला जायची.

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी नांगर धरला नाही की तागडी धरली नाही. सगळ्यांनी लेखणी धरली. वडील एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले होते म्हणजे कचेरीत जायचे बंद झाले होते, एवढंच. घरी ते दुपारी बरोबर दीडला जेवायला बसायचे, कारण दीडला जेवणाची सुट्टी. दूधवाल्यानं दूध पातळ का, यावर काही खुलासा केला, की ते त्याला म्हणायचे, ‘‘लेखी दे.’’ आईनं किराण्याची यादी दिली की तिच्यावर आधी अनुक्रमांक टाकायचे. आई म्हणायची, ‘‘माझ्या घरात स्वयंपाक होतो, पण मंजुरीनं होतो.’’

माझ्या प्रबंधाकडे ते जरा संशयानंच पाहायचे. एकदा टेबलावरचे कागद चाळून म्हणाले, ‘‘तुझ्या या बादशहाकडे आवक-जावक नोंदवही कोण लिहीत होतं?’’

मी म्हटलं, ‘‘बाबा, तो माझ्या अभ्यासाचा भाग नाही.’’

‘‘मंग काय अभ्यास करून राहिली तू?’’ असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले. मला राग आला. मार्गदर्शकांनाही कधी इतका नेमका प्रश्न सुचला नव्हता, याचा राग जास्त आला.

अशात एका उन्हाळ्याच्या तोंडाशी कॉलेजात हुकूम आला. जिल्ह्यातल्या वस्त्यांचं सर्वेक्षण होणार, आणि प्राध्यापकांनीही त्या कामाला जायचं. घरोघर फिरून एक-एक फॉर्म भरायचा : गाव, कुटुंबप्रमुख, माणसं किती, शेत किती, पीक काय, पिण्याच्या पाण्याची सोय आहे की नाही, खाली सही किंवा अंगठा. सगळ्यात शेवटी एक रिकामा रकाना, शेरा. ज्या गावात पाण्याची सोय नाही अशा गावांची यादी यातून निघणार होती, आणि यादीतल्या गावांना बोअर मारून हापसी बसवून मिळणार होती. माझ्या वाट्याला कळंबच्या पुढचं एक गाव आलं, आणि त्या गावाच्या नाल्यापलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा.

तांड्यात कोणाच्याही दारात एकदम जाता येत नाही, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी पहिल्याच घरापुढं फॉर्म काढून उभी राहिले, तर तिथली बाई हसली आणि तिनं नुसतं हातानं दाखवलं : नायकाकडं. पुढच्या घरीही तेच. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्या ओट्यावर बसायचं, आपण कोण, कशाला आलो ते सांगायचं, चहा घ्यायचा, आणि मग तो मान हलवेल तेव्हा तांडा बोलायला लागणार. इस्तंबूलच्या इमामावर मी पंचवीस पानं लिहिली होती, आणि प्रत्यक्ष समोर आला तर मला ओळखता आला नाही.

नायक सत्तरीचा, सडपातळ, पांढऱ्याशुभ्र धोतरातला माणूस होता. त्याची बायको, जिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणायचा, दाराशी बसून माझ्याकडं टक लावून पाहत होती. तांड्याबाहेरच्या माणसाला त्यांच्यात कोर म्हणतात. ही चष्मेवाली कोर बाई काय लिहून नेते, अशी शंका तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

बोलता बोलता मी कॉलेजात काय शिकवते ते निघालं. जुन्या राजधान्या म्हटल्यावर नायक खुलला. ‘‘दिल्ली काय? आमचे आजे-पणजे दिल्लीपावतर जायचे नं. हजार-हजार बैल. पाठीवर गोण्या. दाणा, मीठ, सारं आमीच पोचवत होतो. लदेणी म्हणत त्याले.’’

मी वही काढली. ‘‘मग शहर कसं होतं, काही सांगायचे का ते?’’

‘‘शहरात कायले जातील? येशीच्या आत इतके बैल मावतील काय? बाहेरच गोण्या उतरवायच्या, अन् वापस.’’

‘‘म्हणजे राजा पाहिलाच नाही?’’

‘‘राजानं आमाले नाही पाह्यलं, आमी राजाले नाही पाह्यलं. दाणा पोचला नं. झालं.’’ मग नाल्याकडं बोट दाखवून म्हणाला, ‘‘साऱ्या मुलखाले पोचवलं, मॅडम. अन् आमच्या बाया त्या गावच्या विहिरीवर पाण्यासाठी दोन-दोन घंटे उभ्या राह्यतात. त्याइचं भरून झालं का मंग आमचा नंबर.’’

मी पाहिलं होतं. डोक्यावर एकावर एक पाण्याचे दोन गुंड घेऊन बायका नाल्याची उतरण उतरत होत्या, आणि त्यांच्यात याडीची सून होती, दिवस भरत आलेली. माझ्यातला संशोधक एकदम पेटून उठला. मी ताज्या ताज्या प्रकरणात लिहिलं होतं की सत्ता ज्याला नाव देऊन नोंदवते तोच सत्तेला दिसतो. मग काय, तांड्यातल्या साठेक घरांच्या साठेक फॉर्मांवर ‘गाव’ या रकान्यात मी नाल्याअलीकडच्या गावाचं नाव न लिहिता ठसठशीत अक्षरात तांड्याचं नाव लिहिलं. परतताना एसटीत मला आपण काहीतरी ऐतिहासिक करून आलो असं वाटत होतं.

दहा दिवसांनी शिपाई तो गठ्ठा परत घेऊन कॉलेजात आला. वर एक चिठ्ठी टाचलेली होती : ‘गाव अस्तित्वात नाही.’ नवे फॉर्म भरून शनिवारपर्यंत द्यावेत, नाहीतर यादी बंद. तो सोमवार होता.

मी फोन केला. तिकडून एका मुलीनं शांतपणे समजावलं की कॉम्प्युटरमध्ये गावांची यादी आधीच टाकलेली आहे, तिच्यातलंच गाव घ्यावं लागतं, आणि तांडा हा त्या मूळ गावाचाच भाग आहे. मी म्हटलं, मग मूळ गावाचं नाव लिहिते. ती म्हणाली, लिहा ना मॅडम, पण त्या गावात विहीर आहे, नळ आहे, तिथं ‘पाण्याची सोय आहे’ असंच दिसणार.

म्हणजे तांड्याचं नाव लिहिलं तर तांडा नाही, आणि गावाचं नाव लिहिलं तर तहान नाही. तीन साम्राज्यांचे कारभार मी कोळून प्यायले होते, आणि एका साध्या फॉर्मनं मला चीत केलं होतं. शिवाय तांड्याला मी छातीठोकपणे सांगून आले होते की आता हापसी येते म्हणून. मला रडू यायला लागलं, आणि मी घरी येऊन वडिलांच्या टेबलावर तो गठ्ठा आपटला.

वडिलांनी चष्मा पुसला. फॉर्म उलटसुलट वाचला. चेहऱ्यावर असा आनंद पसरला की निवृत्तीनंतर आम्ही तो पाहिला नव्हता.

‘‘काहून गावाच्या जागी तांडा लिहिला? गाव म्हणजे गाव. महसुली गाव. तिथं गावच लिही.’’

‘‘मग पाणी मिळणार नाही त्यांना!’’

‘‘अन् हे काय आहे?’’ त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘‘शेरा. हा काय शोभेले ठेवला? बाकीचा फॉर्म सरकार लिहितं, पोरी. शेरा आपण लिहायचा असतो. अन् शेरा कोणाले गाळता येत नाही. गाळला, तर गाळणाऱ्यावर येतं.’’

त्यांनी त्यांचं शाईपेन काढलं आणि एका कोऱ्या कागदावर मसुदा केला : ‘सदर कुटुंब हे मूळ गावापासून नाल्यापलीकडे वसलेल्या स्वतंत्र वस्तीत वास्तव्यास असून सदर वस्तीत पिण्याच्या पाण्याची कोणतीही सोय उपलब्ध नाही.’ मग तो त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोलून वाचून दाखवला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘झाली का कविता?’’

साठेक फॉर्म नव्यानं भरायचे होते आणि सह्या-अंगठे नव्यानं घ्यायचे होते. माझ्या अक्षरावर वडिलांचा विश्वास नव्हता. त्यामुळं बुधवारी सकाळच्या एसटीनं ते माझ्याबरोबर निघाले : इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, पिशवीत शाईचं पॅड आणि अंगठा पुसायला घरून आणलेल्या कापडाच्या चिंध्या. दर चतुर्थीला ते कळंबच्या चिंतामणीला जायचे. त्याच्या पुढं चार कोसांवर त्यांच्याच कचेरीच्या कारभारात येणारा हा तांडा होता, आणि सगळ्या नोकरीत ते तिथं एकदाही गेले नव्हते. ‘‘काम पडलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तिकडचे कागद यायचे ना आमच्याकडे.’’

या वेळी मी शहाणी झाले होते. सरळ नायकाच्या ओट्यावर गेले, वडिलांची ओळख करून दिली, ते पूर्वी कुठल्या कचेरीत होते तेही सांगितलं. नायक त्यांच्याकडं पाहत राहिला. मग हसायला लागला. दातांपेक्षा फटी जास्त असलेलं, पण अगदी मनापासूनचं हसू.

‘‘साहेब, मी तुमच्याकडं आलतो.’’

‘‘कधी?’’

‘‘झाले पंधरा-सोळा साल. मी नवानवाच नायक झालतो. तांड्यावर हापसी पायजे म्हणून अर्ज घेऊन आलतो. उन्हाचा पायी आलतो फाट्यापावतर. तुमच्या टेबलाजवळ माठ होता. तुम्ही म्हणले, पयले पाणी प्या. सोताच्या हातानं गिलास भरून देल्ला.’’

वडिलांचा चेहरा उजळला. ‘‘मग?’’

‘‘मंग अर्ज वाचला. अन् म्हणले, तांड्याच्या नावानं अर्ज घेता येत नाही, गावाच्या नावानं आणा.’’ नायक अजूनही हसतच होता. ‘‘गाववाले कायले देतील? त्याइची तं विहीर होती. पाणी तं पाजलं साहेबानं, पण अर्ज नाही घेतला.’’

ओट्यावरची माणसंही हसली. याडी तेवढी हसली नाही.

वडील म्हणाले, ‘‘नियम तसा होता.’’

‘‘होता नं,’’ नायक म्हणाला. ‘‘मी कोठं म्हणतो, नव्हता?’’

वडिलांनी फॉर्म काढले आणि लिहायला बसले. दिवसभर लिहीत होते. एकेक कुटुंब ओट्यावर यायचं, मी नावं विचारायचे, ते लिहायचे, आणि प्रत्येक फॉर्मवर तो दोन ओळींचा शेरा, एकही काना-मात्रा न चुकवता, मोत्यांसारख्या अक्षरात. दीड वाजला, अडीच वाजले, जेवणाची सुट्टी झालीच नाही. याडीनं ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून ठेवला तो तसाच राहिला. तिनं अंगठा उठवला तेव्हा वडिलांनी स्वतःच्या हातानं तिच्या बोटाची शाई पुसली. आमच्या घरात सांडलेलं पाणीसुद्धा पुसायला ते आईला हाक मारत.

परतीच्या एसटीत कळंब आलं तरी त्यांनी हात जोडले नाहीत, इतके ते कुठंतरी हरवलेले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘‘मले त्याचा चेहराच आठवून नाही राहिला. किती लोक यायचे.’’ या माणसाची आयुष्यभर थट्टा केली होती मी, आणि त्या दिवशी त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली.

शनिवारी आम्ही दोघं गठ्ठा घेऊन गेलो. ज्या कचेरीत ते आले की शिपाई उठून उभे राहायचे, तिथं त्यांना आता बाकावर बसवलं. तासाभरानं आत बोलावलं. फोनवरची ती मुलगी कॉम्प्युटरपुढं होती. तिनं पहिला फॉर्म पाहिला आणि म्हणाली, ‘‘काका, अक्षर किती सुंदर आहे हो. पण एवढा शेरा बसत नाही. पन्नास अक्षरंच घेतं हे.’’

वडील तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पन्नास अक्षरं! चाळीस वर्षांत त्यांनी पन्नास अक्षरांत नुसतं ‘महोदय’पर्यंतही काही पोचवलं नव्हतं. आधी ‘वास्तव्यास’ गेलं. मग ‘उपलब्ध’ गेलं. ‘कोणतीही’ गेलं. शेवटी ‘सदर’ गाळायची वेळ आली, तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले. जे उरलं ते असं : ‘वस्ती नाल्यापलीकडे. पाणी नाही.’

मुलगी टाईप करत गेली आणि ते शेवटच्या फॉर्मपर्यंत बाजूला बसून प्रत्येक शेरा पडद्यावर वाचत राहिले.

पुढं काही दिवसांनी दिल्लीचं मोठं पथक आलं, तेव्हा यवतमाळनं दोन दिवस राजधानी होऊन घेतलं. रस्त्यावरचे खड्डे भरले, गतिरोधक काढले, बसस्टँडजवळचे ठेलेवाले हलवले, एका भिंतीला तर फक्त रस्त्याकडून दिसेल तेवढाच रंग मारला. पांढऱ्या गाड्या कळंबच्या बाजूला गेल्या, आणि फाट्यावर न थांबता वापस आल्या. दिल्लीनं तांड्याला पाहिलं नाही आणि तांड्यानं दिल्लीला. मी प्रबंधातलं पहिलं प्रकरण फाडलं आणि राजधानी वेशीच्या बाहेरून कशी दिसते, तिथून नव्यानं लिहायला घेतलं. मार्गदर्शक म्हणाले, संदर्भ द्या. मी म्हटलं, संदर्भ नायकाचा ओटा आहे, पृष्ठक्रमांक नाही.

यादी दिवाळीच्या सुमाराला लागली. पाणी नसलेल्या गावांच्या त्या यादीत हे गाव केवळ शेऱ्यामुळं आलं होतं : मूळ गावाचं नाव, पुढं ‘पाण्याची सोय आहे’, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात तो शेरा. यादीत वस्तीसाठी शेरा असलेलं ते एकच गाव होतं. कोणीतरी वरच्या माणसानं त्या ओळीखाली लाल रेघ मारलेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात नायकाचा निरोप आला : हापसी लागली, साहेबाले घेऊन या. वडील सकाळपासून तयार होऊन बसले होते, पण निघताना खिशात पेन ठेवायचं विसरले. हे आईनं मला मुद्दाम दाराबाहेर येऊन सांगितलं.

हापसी तांड्याच्या मधोमध होती. सिमेंटच्या ओट्यावर नाल्याअलीकडच्या गावाचं नाव कोरलेलं होतं. मी ते वाचून चिडले, तर नायक म्हणाला, ‘‘राहू द्या नं मॅडम. नाव त्याइचं, पाणी आमचं.’’ याडीची सून कडेवर लेकरू घेऊन गुंड भरत होती. तिचं झाल्यावर नायक स्वतः दांड्याशी गेला, हापसलं, आणि भरलेला लोटा वडिलांच्या पुढं धरला.

वडिलांनी तो घेतला नाही. हात खालीच ठेवून म्हणाले, ‘‘मी तुमचा अर्ज घ्यायला पाहिजे होता.’’

‘‘नियम होता नं, साहेब.’’

‘‘नियम होता. पण गावाचं नाव टाकून खाली शेरा मारता आला असता. तेव्हाही रकाना होता. मला येत होतं ते.’’ त्यांनी हापसीच्या दांड्याकडं पाहिलं. ‘‘पंधरा उन्हाळे.’’

नायकानं लोटा जरा आणखी पुढं केला.

‘‘पयले पाणी प्या,’’ तो म्हणाला.

वडिलांनी लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या सगळा संपवला. याडीनं तो त्यांच्या हातातून घेतला, परत हापसीखाली धरला, आणि भरून त्यांच्या हातात दिला.